नळाचं पहिलं पाणी

बाटली मॅडमच्या हातात गेली व्हती. त्यांनी झाकण घट्ट केलं, वर शाळेचं नाव लिहिलं, आणि लिहिता लिहिता विचारलं, "ताई, नळाचं पहिलंच पाणी ना हे? रात्रभर साचलेलं?" माझ्या तोंडातनं निघालं, "हो मॅडम. पहिलंच."

खोटं व्हतं ते. आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाय मी — आरूच्या पप्पांना नाय, माझ्या आईला नाय. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाय.

निफाडकडच्या एका शाळेत मी खिचडी शिजवते. आठवीत शाळा सुटली माझी, मग लग्न, मग आरू. ती आता तिसरीत हाय, त्याच शाळेत. त्या मॅडम नाशिकवरनं पाणी तपासायला आलत्या. नळ जुना झाला, पायपाचे जोड जुने झाले की त्यातनं शिसं सुटतं म्हणे. पाण्यात उतरतं, पोरांच्या डोक्यावर परिणाम करतं. दिसत नाय, वास नाय, काय नाय. आदल्या दिवशी बाटली देऊन गेल्या — सकाळी नळ उघडला की पहिलं पाणी ह्यात धरायचं. मोठे सर म्हणले, "सुनीता, ध्यानात ठेव बरं, मॅडमला पहिल्या धारेचं पाहिजे." सगळे हसले. मी पण हसले.

मग सकाळी काय झालं मला? आमच्यात शिळं पाणी कुणाला देत नाय. उठलं की हंडा ओतायचा, घासायचा, ताजं भरायचं. पाव्हण्याला तर शिळं नायच. हात आपोआप तसाच चालला. नळ चिंचेनं घासला, दोन बादल्या पाणी सोडून दिलं, मग गार, निवळ पाणी बाटलीत धरलं. वर मनात खूश — शाळेची शोभा राखली म्हणून.

ती चूक व्हती. चुकीचं मला एवढं नाय. पण मॅडम सरांना सांगत व्हत्या, मी तिथंच उभी — "पाणी आधी सोडून दिलं असतं तर शिसं धुऊन गेलं असतं, काही कळलंच नसतं." म्हणजे मला तवाच कळलं ना? त्यांची गाडी वळायला जागा नव्हती, डायवरनं मागं-पुढं, मागं-पुढं केली. एवढा वेळ व्हता मला. एक शब्द बोलायचा व्हता. सर शेजारी उभे, माझ्या जागेवर गावातल्या दोघी टपलेल्या... तुम्ही बोलला असता का? काय केलं असतं तुम्ही?

रिपोट चांगला आला. सरांनी तो ऑफिसात लावला. शेजारच्या गावातल्या शाळेचा वाईट आला — त्यांना नवा नळ, नवा पाईप मिळाला, आणि सांगितलं, पोरं यायच्या आधी रोज थोडं पाणी सोडून द्या. आम्हाला काहीच नाय. आमचं पाणी चांगलं ना.

मग मीच रोज सोडायला लागले. गुपचूप. चौथ्या दिवशी सरांनी बघितलं. "टाकी काय तुझ्या बापानं बांधली का गं? दिवसाआड पाणी येतं, कळत नाय?" का सोडते ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. मी नळ बंद केला. परत नाय सोडलं.

आणि दुसऱ्या दिवसापासनं — ऐका — आरूला घरनं बाटली द्यायला लागले. आमच्या विहिरीचं पाणी. डबापण घरचा, कारण खिचडी शाळेच्या पाण्यातच शिजते. मीच शिजवते ती. बाकीची पोरं माझ्या डोळ्यासमोर नळाला ओंजळ लावतात, आणि मी माझी एकटी पोर बाजूला काढली.

आमच्या शेजारची समृद्धी पहिलीत हाय. आरूच्या मागं मागं असते. एक दिवस बघितलं, आरू तिला आपल्या बाटलीतलं पाणी पाजत व्हती. घरी आल्यावर मी आरूला मारलं. पाणी दिलं म्हणून मारलं. का, तर बाटली दुपारीच संपली आणि मग आरू नळाचं प्याली. ती रडत म्हणत व्हती, "मम्मी, तिला तहान लागली व्हती."

समृद्धीला अक्षरं टिकत नाय, असं तिची आई परवा सांगत व्हती. शिशानं का आणखी कशानं, मला ठाऊक नाय. कुणालाच ठाऊक व्हायचं नाय. कळायची बाटली मीच भरली.

तुम्ही काय केलं असतं ते आता नाय विचारत. विचारून मला फक्त बरं वाटून घ्यायचं व्हतं.

काल मधल्या सुट्टीत समृद्धी आरूकडं आली. "आरू, घोटभर दे ना." आरूनं किचनच्या दाराकडं बघितलं, माझ्याकडं. बाटली छातीशी धरली.

"नाय. तू नळाचं पी."

समृद्धी नळाकडं गेली. मी खिचडी ढवळत राहिले.