चहाइतका वेळ पट्ट्यात

मार्चमधला मंगळवार, सकाळचे साडेसहा. हजर: इथे आखातात, जाब्रियातल्या आमच्या हॉस्पिटलच्या बागेच्या कामाची नोंद ठेवणारी मी, कंत्राटदाराचा मुकादम, दोन माळी, आणि खजुराच्या खोडाला पट्टा बांधून जमिनीपासून फूटभर वर बसलेले चाचा. हातात चहाचा कप.

हे त्यांचं रोजचं. झाडावर चढण्याआधी पट्ट्यात बसून एक चहा संपवायचा. "चहा सरेपर्यंत पाय झोपला, तर पट्टा माझा नाय." मग खाली उतरून मांडीची पट्टी दोन बोटं सैल करायची, कमरेची जरा खाली घ्यायची, पुन्हा बसायचं. मी वैतागून त्यांच्यासाठी वेळापत्रकात 'चहा' असा वेगळा रकानाच आखला होता.

चाचा रत्नागिरीकडचे, पन्नाशीपुढचे, काटकुळे. पोरवयापासून माडावर चढलेले.

त्या दिवशी पट्टे नवे होते, सगळे एकाच मापाचे. जुने मुकादमाने आधीच जमा करून घेतले होते. दुसऱ्या चहाला चाचा उतरले आणि पट्टा सोडून त्यांनी गवतावर ठेवला.

"मांडीत रुततो, कमरेत फिरतो. दोन्ही हात कामात गुंतले की मी उलटा."

"चढा हो चाचा," मुकादम म्हणाला. "का मॅडमना गादी मागवायला सांगू? हे बघा, पट्टे तपासल्याची त्यांची सही आहे."

होती. पाकिटं मोजली, यादीशी जुळली, मी सही केली. एकही पाकीट उघडलं नव्हतं. असे कागद तुम्हीही भरले असतील.

चाचांनी कागद पाहिला, मग मला. "मॅडम, कागदाला विचारलंत. माझ्या मांडीला कुणी विचारलं?"

आधी राग आला, मग लाज वाटली. मी मुकादमाला म्हटलं, "तुम्ही बसा बरं."

तो ऐटीत बसला. पाचव्या मिनिटाला "उतरवा, उतरवा!" करू लागला. खाली आल्यावर पाय टेकेना. माळी हसले. चाचा हसले नाहीत. खाली बसून त्याची पोटरी चोळत राहिले. "मुंग्या जातील रे. वर असतास, तर तूच गेला असतास."

मी सही खोडली आणि शेजारी लिहिलं: पट्टे बसत नाहीत, काम बंद.

कंत्राटदाराने आठवड्यात चाचांचं परतीचं तिकीट काढलं. मी दोन तक्रारी लिहिल्या. उत्तर आलं नाही. जायच्या दिवशी मुकादमच विनवत होता, "चाचा, एकदा माफी मागा, ठेवून घेतील."

"कशाची माफी? बसून बघितलं त्याची?" बॅग खांद्यावर टाकून चाचा फाटकाबाहेर गेले. वळून पाहिलं नाही.

आता त्यांच्या जागी नवा माणूस आलाय, चांगला धिप्पाड. पट्टे तेच. सहीसाठी कंत्राटदाराचा रोज फोन येतो. मी सांगते, आधी त्या माणसाचं माप घ्या.

सहा खजुरांच्या वाळक्या झावळ्या अजून उतरवायच्या आहेत.