प्रार्थनेत घेतलेलं नाव

घडीची खुर्ची मी आयुष्यात एकदाच कुणाच्या पाठीत घातली आहे. न्यू जर्सीत, एका कोरियन चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये, रविवारी भर दुपारी. साल २००५. आणि खरं सांगायचं तर ती आधी माझ्याच डोक्यात घालायला हवी होती.

मी मूळची कोल्हापूरची. एक्स-रे काढायचं शिक्षण तिथेच झालं. लग्नानंतर एडिसनला आले, इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि मॅमोग्राफी, म्हणजे बायकांच्या छातीचे कॅन्सरसाठीचे एक्स-रे, करायला लागले. आमच्या हॉस्पिटलची एक मोठी व्हॅन होती, आत मशीन बसवलेली. कोरियन बायका तपासणीला येत नाहीत, पण चर्चला मात्र न चुकता जातात, तर व्हॅनच चर्चच्या दारात न्यायची असं ठरलं. पाठवलं मला. का, तर म्हणे तुम्ही एशियन लोक एकमेकांना समजून घ्याल. डोंबल! मला कोरियनमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

सगळं जमवून आणलं पास्टरच्या बायकोने. पास्टरची बायको म्हणून तिला तिथे सगळे मानाने सामोनिम म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तिने आधी स्वतःची तपासणी करून घेतली, मग चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात जाऊन एकेका बाईला बाहेर काढलं. रविवारी सगळ्या चर्चचं जेवण या बायका रांधायच्या. रबरी ग्लोव्हज काढून व्हॅनमध्ये यायच्या, अंगाला लसणाचा वास, आणि मशीनची थंडगार प्लेट लागली की दचकून हसायच्या.

त्यांतली एक नवऱ्याबरोबर ड्राय क्लीनिंगचं दुकान चालवायची. चाळिशीची असेल. इंग्लिश मोडकंतोडकं. गाऊन घालताना म्हणाली, "हजबंड, नो टेल." तिच्या दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते. मी पाहिले आणि तिला मशीनपुढे उभं केलं.

तिच्या डाव्या बाजूच्या फोटोत डाग निघाला. डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलमध्ये पुन्हा बोलवायला सांगितलं. घरी फोन केला की नवरा उचलायचा आणि बाईचा आवाज ऐकला की आदळायचा. पत्र पाठवावं तर तेही त्याच्याच हातात पडणार. तिच्यासाठी राखून ठेवलेली तारीख दोनदा हुकली. माझा जीव वरखाली व्हायला लागला. असले डाग काय कुणासाठी थांबतात! शेवटी पेशंटची माहिती बाहेर न सांगायचा नियम धाब्यावर बसवला आणि सामोनिमला फोन केला. "तिला तुमच्या गाडीतून घेऊन या, पण कुणाला सांगू नका," म्हटलं. ती हो म्हणाली.

तिने फक्त पास्टरला सांगितलं. आणि त्या भल्या माणसाने, खरंच त्याच्या मनात पाप नव्हतं, पुढच्या रविवारी भरल्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना तिचं नाव घेतलं. दुखणंही सांगितलं, डाव्या बाजूसकट. त्या चर्चची रीतच तशी. नाव घेतलं की सगळे मिळून देवाला साकडं घालतात. नाव न घेणं म्हणजे त्या माणसाला एकटं टाकणं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी शहाणीने विचारलंही नव्हतं.

उरलेल्या बायकांसाठी त्या दिवशी आमची व्हॅन आली होती. मी बाहेर टेबल मांडत होते, तेवढ्यात चर्चचं दार धाडकन उघडलं. नवऱ्याने तिचे केस मुठीत धरले होते आणि तो तिला पायऱ्यांवरून फरफटत खाली आणत होता. एका गाडीच्या बॉनेटवर त्याने तिचं तोंड आपटलं. ओठ फाटला. मग डाव्या छातीवर बुक्की. परत तिथेच. परत तिथेच. मुद्दाम, हरामखोर! मला एवढंच आठवतं की खुर्ची माझ्या हातात होती आणि तोंडात अस्सल कोल्हापुरी शिव्या. घातली पाठीत. तो वळला आणि त्याने माझा गळा धरला.

मागून चार पुरुष आले आणि "नो पोलीस, प्लीज, नो पोलीस" म्हणत हात चोळत उभे राहिले. सोडवलं कुणी? स्वयंपाकघरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने. हातातले ग्लोव्हज तिखटाने लालभडक, तशीच धावत आली आणि त्याच्या कानाखाली दोन सणसणीत वाजवल्या. माझा गळा सोडून तो गडी तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. वडीलधाऱ्यांवर हात उगारायचा नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. मेल्याला बायको तेवढी माणसात धरायची नव्हती.

पोलिसांना मीच फोन केला. ते त्याला बेड्या घालून घेऊन गेले आणि म्हातारी तिला आपल्या घरी घेऊन गेली.

मंगळवारी म्हातारीच तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन आली. ओठावर टाके. डावी बाजू जांभळी, काळी, सुजून टरारलेली. आणि मला मशीनने नेमकं तिथेच दाबायचं होतं. मी म्हटलं, दोन आठवडे थांबू, सूज उतरू दे.

"नो वेट. प्रेस."

मी प्लेट खाली आणली. तिने ओठ चावला, टाका उसवला आणि रक्त हनुवटीवरून माझ्या हातावर ठिबकलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फोटो झाल्यावर मी सॉरी म्हटलं. ती गाऊन सारखा करत माझ्याकडे बघत राहिली.

"यू टेल सामोनिम?"

"येस," मी म्हटलं.

"आय से, नो टेल."

रडायचीसुद्धा लाज वाटली.

कॅन्सरच निघाला, पण लहान होता. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, ती जगली. नवरा सोडला, दुकान सोडलं, ते चर्चही सोडलं. हॉस्पिटलमधले लोक मला म्हणायचे, तू फोन केलास म्हणून वाचली बघ. असेलही. पण मार मी खाल्ला नव्हता.

त्यानंतर ती दरवर्षी तपासणीला आमच्याकडेच येते. गेल्या महिन्यातही आली होती, २००८ च्या ऑक्टोबरात. आता अंगाने भरलीये, इंग्लिश सुधारलंय. काउंटरवर नाव सांगते आणि दुसरी टेक्निशियन मागते. मी बाजूच्या खोलीत जाते आणि ती आत जाईपर्यंत दार लावून घेते.