तूर माळ्यावर, शेळी कपाटात

"म्याडम, जागा संपली म्हणायलंय तुमचं सॉफ्टवेअर. गाड्या आत घेऊ का वापस लावू?"

फोन बिरादारअप्पांचा होता. ठाणाकुशनूरजवळ त्यांची डाळ मिल आहे. मी बीदरमध्ये राहून आसपासच्या मिलना आणि दुकानांना बिझनेस सॉफ्टवेअर बसवून देते. ऐन तुरीचा सीझन. गेटवर गाड्यांची रांग, आणि सॉफ्टवेअर गेटपास देईना.

कारण साधं होतं. गाडी आली की तिच्यातली थोडी तूर परातीत काढायची, तिचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, मगच गेटपास निघतो. हे फोटो, बिलं, पावत्या मिलमध्ये राहत नाहीत. दूर कुठल्या तरी कंपनीच्या कम्प्युटरवर भाड्याच्या जागेत राहतात. तोच क्लाउड. ती भाड्याची जागा भरली होती.

मी तात्पुरती जास्तीची जागा घेऊन दिली. गाड्या आत गेल्या. संध्याकाळी अप्पांचा परत फोन.

"इतकं भाडं कामून? मी तुरीचे फोटो ठेवायलोय का तूर ठेवायलोय?"

"अप्पा, आत काय काय साठलंय ते एकदा उघडून बघावं लागेल."

"त्यात काय बघायचंय? तूर हाय. तुरीसारखी दिसतीय. तुम्ही भाडं कमी करा."

क्लाउडमध्ये दोन दरांच्या जागा असतात. महाग जागा म्हणजे हाताशी असलेलं कपाट. उघडलं की फाइल समोर. स्वस्त जागा म्हणजे माळा. सामान सुरक्षित, पण काढायचं तर शिडी लावा, धूळ झटका. काही तास जातात. मी एक रूल लावला. जी फाइल बरेच दिवस कुणी उघडली नाही, ती आपोआप माळ्यावर. रोज लागणारी कपाटात. हा उपाय सगळीकडे चालतो. मी निवांत झाले.

पुढचं बिल आलं. भाडं कमी झालं होतं, पण नावापुरतं. कपाट अजून गच्च भरलेलं. तुरीचे फोटो एवढ्यांदा कोण उघडतंय, हे काही मला कळेना. तेवढ्यात अप्पांचा फोन.

"म्याडम, उदगीरचा व्यापारी येऊन बसलाय. त्याच्या मालात किडका दाणा निघाला म्हणून आपण भाव कापला. तो म्हणतोय, फोटो दाखवा. आणि फोटो उघडंना झालाय. फाइल आणायला वेळ लागंल म्हणतंय. कुठून आणायलंय, अमेरिकेहून?"

मी औरादची बस पकडून मिल गाठली.

ऑफिसात व्यापारी चहा पीत बसला होता. चेहऱ्यावरून तो पहिला कप नव्हता. फोटो माळ्यावरून उतरायला अजून वेळ होता. तोवर मी कपाटात काय आहे ते बघायला घेतलं. फाइली साइजप्रमाणे लावल्या. सगळ्यात वरच्या फाइली फोटो नव्हत्याच, व्हिडिओ होते. पहिला उघडला.

स्क्रीनवर तुरीची परात. मग एक काळं तोंड आत आलं आणि परात चाटूनपुसून साफ करू लागलं. स्पीकरचा आवाज पूर्ण होता. "ब्यॅऽऽ" अख्ख्या ऑफिसात घुमलं.

दुसरा उघडला. तीच शेळी. तिसऱ्यात तीच, फक्त गाडी वेगळी.

व्यापाऱ्यानं कप खाली ठेवला. "हे तुमचं क्वालिटी चेकिंग व्हय?"

अप्पांनी गेटवरच्या मैनोद्दीनचाचांना हाक मारली. चाचा आले, स्क्रीन बघितली आणि जराही गडबडले नाहीत.

"सॅम्पल बकरी खाती, नाम मेरा आता. इसलिए शूटिंग करताऊँ, साब. पुरावा."

"मग मला कामून दाखवला न्हाई?"

"अक्का कू दिखाया ना. बकरी उनकीच है."

शेळी अक्कांची, म्हणजे अप्पांच्या बायकोची. नाव चंद्री. पण व्हिडिओ नुसते पडून असते तर माझ्या रूलनं ते माळ्यावर टाकले असते. मी कुणी काय उघडलं त्याची नोंद बघितली. रोज दुपारी आणि रोज रात्री जेवणाच्या वेळी. लॉगिन मालकाचं.

"अप्पा, तुम्ही रोज शेळी बघता?"

"मी? मी ती समोर असली तरी बघत न्हाई तिला!"

दारात अक्का चहाचा पुढचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "मी न् पोरगी बघतो," त्या म्हणाल्या. "हैदराबादला नातू हाय. चंद्री खायलेली बघितल्याबिगर घास घेत न्हाई. तिकडं लेक व्हिडिओ लावतीय, मग जेवतंय लेकरू."

"पण मालकाचा पासवर्ड तुमच्याकडं कसा?"

"माझंच तर नाव हाय पासवर्डात."

अप्पा लाजले. व्यापारी पोट धरून हसायला लागला.

हसणं ओसरता ओसरता त्याच्या मालाचा फोटो माळ्यावरून उतरला. आम्ही सगळे स्क्रीनपाशी गोळा झालो. फोटोत शेळीचा एक कान होता, कडेला परातीची किनार. तूर नव्हती. किडकी नाही, चांगली नाही. अप्पांनी कापलेला भाव गुपचूप परत दिला.

"आजच्या आज बांधतो तिला," ते म्हणाले.

"बांधा की," अक्का म्हणाल्या. "मग नातवाला, जेवायलास का, म्हणून रोज तुम्हीच फोन करा."

अप्पा माझ्याकडे बघू लागले. असा टेक्निकल प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. पण उत्तर सोपं निघालं. अक्कांनी जेवणाच्या वेळी सरळ व्हिडिओ कॉल लावायचा. कॉल कुठं साठत नाही, त्याला जागा लागत नाही, आणि शेळी ताजी दिसते. गेटवरच्या सॉफ्टवेअरमध्ये मी व्हिडिओ घेणं बंद केलं. एका गाडीला एकच फोटो, तोही सॉफ्टवेअर आपोआप लहान करणार. सौदा मिटेपर्यंत फोटो कपाटात, नंतर माळ्यावर. जुने व्हिडिओ अक्कांच्या मेमरी कार्डावर टाकून क्लाउडमधून काढले. चाचांना पुरावा लागू नये म्हणून परात उंच स्टुलावर गेली.

भाडं एकदम खाली आलं. नातू जेवतो, फक्त आता चंद्रीचं जेवण उरकल्याशिवाय उठत नाही, अशी लेकीची तक्रार आहे. ती माझ्या कामात येत नाही.

तेव्हापासून स्वस्त जागेचा रूल लावण्याआधी मी प्रत्येक मालकाला विचारते, तुमच्या फाइली घरी कोण बघतं? बहुतेक हसतात. हुमनाबादचा एक सिमेंटवाला हसला नाही. त्यानं उठून आधी केबिनचं दार लावलं.