राखणदारीण परत हातात

त्र्यंबककाकांनी तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढले. सिग्नलचा लिव्हर सगळ्यात शेवटी ओढायचा आणि पूर्ववत करताना तोच आधी सोडायचा. त्यामुळे राक्षस-चेटकिणींच्या आमच्या कार्डांच्या खेळातला मुख्य नियम, शेवटी टाकलेलं कार्ड आधी लागू, त्यांना पाच मिनिटांत कळला. आम्हा शहाण्या इंजिनिअरांना महिना लागला होता.

काकू गेल्यावर काका घरात नुसते बसून राहायचे, म्हणून त्यांची मुलगी अनघा त्यांना तळेगावात आमच्या रविवारच्या डावांना घेऊन आली. वर्षभरात काका आमचे पंच झाले. नियमाला असे पक्के, की सख्ख्या बापालाही सोडलं नसतं.

फायनल अनघा विरुद्ध मी. जिंकेल तो बंगळुरूच्या स्पर्धेला जाणार. अनघानं त्यासाठी ऑफिसात रजासुद्धा टाकून ठेवली होती. मी तिच्या राखणदारणीच्या कार्डावर मारून टाकणारा शाप टाकला. पण तिचं कवच आधीपासून टेबलावर मांडलेलं होतं: राखणदारीण मरायची वेळ आली, तर न मरता ज्याची त्याच्या हातात परत.

काका म्हणाले, "शाप शेवटी आला, म्हणून आधी लागू. राखणदारीण मेली. मग कवच कुणाला वाचवणार?"

अनघानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे, बाबा," म्हणाली आणि कार्ड बाद ढिगात ठेवलं. पोटच्या पोरीविरुद्ध निकाल दिला म्हणून आम्ही काकांचं कोण कौतुक केलं. बंगळुरूला मी गेलो आणि पहिल्याच फेरीत आपटलो.

पुढच्या वर्षी डेंग्यूनं चार दिवसांत अनघा गेली.

दोन महिन्यांनी काका तिचा कार्डांचा डबा घेऊन आले. आत नियमांची छापील प्रत होती. एका नियमाखाली पेन्सिलची रेघ होती: टेबलावर मांडलेलं कार्ड रांगेत थांबत नाही, ते कायम लागू असतं. बाजूला तिच्या अक्षरात लिहिलं होतं, "बाबा चुकले. सांगायचं नाही. रविवारी यायचे बंद होतील."

मला रडू आवरेना. फुकटचा विजय घेऊन मी वर्षभर मिरवलो होतो.

काकांनी डब्यातून राखणदारीण काढली. "श्रीयश, निकाल बदलतो. ही मेली नव्हती. नियमाप्रमाणे जिची तिच्या हातात परत जायला हवी."

त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं.

"सांग ना, आता कुणाच्या हातात देऊ?"