सईच्या आतड्याने आज मला शिकवलं

आज माझी चांगलीच फजिती झाली, ती तुम्हाला सांगते.

मी इथे लखनऊत आतड्याच्या पेशींवर संशोधन करते. विषाणू शिरला की पेशी शेजारणींना सावध करते आणि स्वतः आतड्याच्या अस्तरातून सुटून विषाणूसकट बाहेर पडते, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते.

परवापासून आमच्या पाच वर्षांच्या सईला जुलाब होताहेत. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, ओआरएस देत राहा. तरी आज सकाळी तिचा उतरलेला चेहरा बघवेना. तडक मेडिकलमध्ये गेले आणि जुलाब थांबवायची गोळी मागितली.

दुकानदार भैयांनी विचारलं, "किसके लिए?" मी सांगितल्यावर मान हलवली. "बच्चे को नहीं देंगे मैडम. जो निकल रहा है, निकलने दीजिए. बस पानी कम न हो."

माझं अख्खं लेक्चर त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. मी गुपचूप घरी येऊन सईला चमच्याचमच्याने ओआरएस पाजत बसले.

दुपारी ती म्हणाली, "मम्मी, भूख लगी है. दही-भात दो."

तीन दिवसांत तिच्या किती पेशी स्वतःहून सुटून गेल्या असतील. मी फक्त पाणी पाजलं.

जे आयुष्यभर शिकवलं, त्यावर घरात विश्वास ठेवणं तुम्हालाही कधी जड गेलंय का?