ऑफिसच्या कॉम्प्युटरचा नंबर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला बसलो तरी आधी इकडचं तिकडचंच सुचतंय — मोर्शीचं ऊन, आमच्या लॅबवरचे तापलेले पत्रे... पुरे.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आपापला नंबर असतो, आयपी ॲड्रेस. दोघांनी एकच नंबर घेतला की नेट तुटतं. हे मी दरवर्षी नववीला शिकवतो — मग मलाच ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून मीच सगळीकडे व्हिडिओ बंद केले होते. मोकळीक फक्त ऑफिसच्या नंबरला. तोच नंबर मी गुपचूप माझ्या लॅपटॉपला दिला. कशासाठी? ऑफ तासाला मॅच बघायला. एवढ्यासाठीच. ऑफिसातल्या सुनंदाताई दुपारी यायच्या, तोवर माझं उरकलेलं असायचं. त्या कंत्राटावर होत्या, आणि त्यांचं घर त्याच नोकरीवर चालायचं.

मग दहावीचे फॉर्म सुरू झाले. ताई सकाळपासून बसू लागल्या. नेट सारखं तुटायचं, भरत आणलेला फॉर्म उडायचा. बोलावणं आलं की मी लॅपटॉप मिटून जायचो — आणि नेट सुरू! सरांचा हात लागला की चालतं, असं सगळे म्हणायचे. मला ते आवडायचं. हेही सांगून टाकतो.

एक दिवस ताईंनी स्क्रीनवरचा मेसेज कागदावर उतरवून आणला. "सर, ह्याच नंबरचं दुसरं मशीन आहे म्हणून दाखवून राह्यलं. कोणाचं असन जी?"

त्यांना बरोबर कळलं होतं. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणालो, "समजत नाही त्याले हात नका लावत जाऊ, ताई." त्यांचा चेहरा उतरला. मी तो पाहिला — आणि तरी लॅबकडे निघालो. त्याची लाज अजून जात नाही.

शेवटच्या दिवशी चार मुलांचे फॉर्म राहिले. ते पुढे अमरावतीला बोर्डात खेटे घालून कसेबसे भरले गेले. पण चूक नेटची की बाईंची, असं मुख्याध्यापकांनी मलाच विचारलं. दुसरं कोणाला विचारणार? नेट चांगलं आहे, मी म्हणालो.

ताईंचं कंत्राट वाढलं नाही. त्याच संध्याकाळी मी लॅपटॉपचा नंबर बदलला. त्यानंतर नेट एकदाही तुटलं नाही.

महिनाभराने स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "पाहा, बाई गेली अन् नेट कसं सुधरून गेलं!"

सगळ्यांत आधी मी हसलो.