दरीएवढा आवाज

धरणात गाव गेलेल्या पावरा आदिवासींची सपाटीवर वसाहत आहे. घरं एकाच मापाची, ओळीनं, भिंतीला भिंत लागलेली. ओळखीच्या खेमाच्या ओट्यावर मी चहा पीत बसलो होतो. त्याची म्हातारी आई दारात आली, तिनं तोंडाशी तळहात धरला आणि लांबलचक हाक दिली. हाक समोरच्याच घराला होती. मीठ हवं होतं.

"याहा, हळू! समोरच तर आहेत त्या," सून माझ्याकडे बघत ओशाळून सासूला म्हणाली. याहा म्हणजे आई.

डोंगरात यांची घरं एकेका टेकडीवर एकेक असायची. शेजार म्हणजे मधली अख्खी दरी. ती ओलांडून जाईल एवढा आवाज लहानपणापासून छातीत मुरलेला. आता दरी पाण्याखाली गेली आणि आवाज तेवढा मागे राहिला. त्याचं पुनर्वसन कोण करणार? शेत मोजून देता येतं हो, दरी कुठून आणून देणार?

थोड्या वेळानं फोन वाजला. दरीपलीकडे जिचं घर होतं, ती म्हातारीची बहीण. तिला जमीन मिळाली ती थेट गुजरातेत. खेमानं फोन आईच्या कानाला लावला. ती हळूच काही बोलली. बहिणीचा आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू येत होता.

"मोठ्यानं बोल गं! काहीच ऐकू येत नाही!"

म्हातारीनं एकदा सुनेकडे पाहिलं. मग फोनवर हाताचा आडोसा करून पुटपुटली,

"इथं मोठ्यानं बोलत नाहीत."